आद्याक्षराचा शृंगार

फ्रान्स देशांतील दिजों शहराच्या सार्वजनिक ग्रंथसंग्रहांत एक जुना हस्तलिखित ग्रंथ कित्येक खंडांत जतन करून ठेविलेला आहे. बायबलांत ईयोब नांवाच्या सोशिक भक्ताची जी कथा आहे, तिच्यावर सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी यांनीं एक विस्तीर्ण नैतिक भाष्य लिहिलें. त्या भाष्याची ही प्रत होय. ती सीतो येथील मठांत तयार झाली, व तिचा एक खंड इ. स. ११११ च्या नाताळच्या आदल्या दिवशीं पुरा झाल्याची नोंद लेखकानें त्यांतच करून ठेविली आहे. हा मठ १०९८ सालीं स्थापन झाला तो मुळीं सुखवस्तु मठांना कंटाळलेल्या कांहीं साधूंनीं रानांत जाऊन, अंगमेहनतीनें पोट भरून, दारिद्र्याचें व्रत खऱ्या अर्थानें पाळावें यासाठीं. अशा मठांतली प्रत म्हणजे ती साधी, रूक्ष, काळ्या शाईची असणार असें वाचकांस वाटेल. प्रत्यक्षांत तिचीं पानें उलटूं लागलें म्हणजे मनुष्य थक्क होतो. ग्रंथारंभींच्या पत्राचें पहिलें अक्षर लॅटिन ‘आर’ हें आहे. त्या अक्षराचा उभा दंड म्हणजे एक सेवक आणि त्याच्या पाठीवर उभा राहिलेला एक वीर. आणि अक्षराचा उरलेला बांक म्हणजे ज्यावर त्या वीरानें शस्त्र उगारलें आहे तो सपक्ष अजगर. पुढें एका अक्षरांत दोन मठवासी लाकडाचा ओंडका फोडीत आहेत. दुसऱ्या एका अक्षराचा दंड म्हणजे एक उंच झाड असून त्याच्या बुंध्याशीं कुऱ्हाड घेऊन एक साधु उभा आहे, व शेंड्यावर दुसरा कोणी फांद्या छाटीत आहे. आणखी एकांत एक जण वांकून पीक कापतो आहे. त्यांचीं वस्त्रें फाटकीं आहेत. चित्रकारानें आपल्याच सोबत्यांना उचलून अक्षरांत बसविलें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

आतां दुसरी गोष्ट. याच सीतोच्या मठापासून जो सिस्टर्शियन संप्रदाय वाढला, त्यानें बाराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास आपल्या सर्व मठांसाठीं जे नियम केले, त्यांत एक लहानसा नियम असा आहे कीं, ग्रंथांतील अक्षरें एकाच रंगाचीं असावींत व तीं चित्रांकित नसावींत. त्याच नियमावलींत खिडक्यांच्या कांचाही पांढऱ्या व चित्ररहित असाव्या असें सांगितलें आहे. म्हणजे ज्या घरांत तो वीर अजगराशीं झुंजत होता, त्याच घरांतून पन्नास वर्षांच्या आंत त्याला हद्दपार करण्यांत आलें.

कलेच्या इतिहासकारांस या घटनेंत एका संप्रदायाचा रुचिपालट दिसतो. आम्हांस तींत नीतीचा एक प्रश्न दिसतो, व तो अद्यापि सुटलेला आहे असें वाटत नाहीं. ज्या शब्दाला आपण पवित्र मानतों, निदान मोलाचा मानतों, त्याला सजविणें हा त्याचा सन्मान, कीं त्याच्या व वाचणाऱ्याच्या मध्यें सोडलेला पडदा? अक्षर हें अर्थाकडे जाण्याची वाट आहे असें धरलें, तर वाटेवर फुलझाडें लावणाराला पुण्य लागतें कीं वाटसरूला रेंगाळावयास लावल्याचा दोष?

या नियमामागें ज्या पुरुषाचें वजन होतें तो बर्नार्ड. इ. स. १११३ च्या सुमारास तीसेक सोबती बरोबर घेऊन तो सीतोच्या दाराशीं आला, व १११५ सालीं क्लेअरव्हो येथें नवा मठ काढून त्याचा अधिपति झाला. ११२५ च्या सुमारास त्यानें विल्यम नांवाच्या एका मित्र-मठाधिपतीस उद्देशून एक प्रकरण लिहिलें. त्यांत क्लूनी परंपरेच्या श्रीमंत मठांतील थाटमाटावर त्याची झोड आहे. त्याचा पहिला मुद्दा पैशाचा: देवळाच्या भिंती सोन्यानें झळकतात आणि देवळाबाहेरचा दरिद्री मनुष्य उघडा पडतो, दगडांना वस्त्रें मिळतात आणि देवाच्या लेंकरांना मिळत नाहींत. दुसरा मुद्दा चित्ताचा. मठाच्या ओसरीवर, जेथें बंधु पुस्तक घेऊन बसतात, तेथेंच खांबांवर माकडें, सिंह, अर्धमानव, एका धडाला अनेक तोंडें आणि एका तोंडाला अनेक धडें असलेलीं जनावरें कोरलेलीं असतात. मग पुस्तक वाचावयाचें सोडून मनुष्य दगडच वाचीत बसतो, आणि ईश्वराच्या नियमाचें चिंतन करण्याऐवजीं अख्खा दिवस एकेका आकृतीचें नवल करण्यांत घालवितो.

बर्नार्डनें हें दगडांविषयीं लिहिलें, ग्रंथांविषयीं नव्हे. परंतु जी जनावरें त्यानें ओसरींतून हुसकून लावलीं, तींच त्याच्या स्वतःच्या मातृमठाच्या ग्रंथांत अक्षरांच्या कोपऱ्यांतून डोकावत होतीं. तर्काला चिकटून राहणाऱ्या मनुष्यास नियम पुढें न्यावाच लागला. येथें एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. त्या विद्रूप प्राण्यांचें त्यानें केलेलें वर्णन इतकें चटकदार आहे कीं, त्या प्राण्यांकडे तो स्वतः बराच वेळ टक लावून पाहत राहिला असला पाहिजे अशी शंका येते. आणि त्याचें लॅटिन गद्य अनुप्रासांनीं व विरोधांनीं इतकें नटलेलें आहे कीं, शब्दाला अलंकार घालूं नये हा नियम त्यानें वाणीस लावल्याचें दिसत नाहीं. कानानें घेतलेला अलंकार निर्दोष आणि डोळ्यानें घेतलेला सदोष, हा भेद कोणत्या शास्त्राच्या आधारें करावयाचा?

परंतु मोठ्या माणसाची विसंगति दाखविली म्हणजे त्याचा युक्तिवाद खोडला गेला असें होत नाहीं. त्याला उत्तर दिलें पाहिजे. चित्रांच्या बाजूनें एक प्रसिद्ध उत्तर आहे, व तें योगायोगानें ईयोबाच्या भाष्यकाराचेंच आहे. इ. स. ६०० च्या सुमारास मार्सेय येथील बिशपानें देवळांतल्या मूर्ति व चित्रें फोडलीं, तेव्हां पोप ग्रेगरी यांनीं त्यास लिहिलें कीं, साक्षरांस जें ग्रंथांतून मिळतें तें निरक्षरांस चित्रांतून मिळतें, म्हणून चित्रांची पूजा करूं नये पण त्यांचा नाशही करूं नये. भिंतीवरच्या चित्रापुरतें हें उत्तर ठीक आहे. बर्नार्डलाही तें मान्य होतें, कारण सामान्य जनांच्या देवळांस त्यानें सवलत दिलीच आहे. पण आद्याक्षराच्या कामीं तें अगदींच लंगडें पडतें. अक्षराच्या पोटांतलें चित्र निरक्षराच्या दृष्टीस पडणार केव्हां? तें पाहणारा मनुष्य हातांत ग्रंथ घेऊन वाचावयासच बसलेला असतो. ज्याला वाचतां येतें त्याला चित्र कशाला हवें, हा बर्नार्डचा प्रश्न येथें पुरा धारदार होतो.

त्याचें उत्तर शोधण्यासाठीं हीं अक्षरें कशीं जन्मलीं हें थोडें पाहिलें पाहिजे. व्हर्जिल कवीच्या काव्याची पांचव्या-सहाव्या शतकांतली एक प्रत आहे; तिचीं अवघीं सात पानें आज उरलीं असून त्यांपैकीं चार व्हॅटिकनांत व तीन बर्लिनमध्यें आहेत. तींत प्रत्येक पानाचें पहिलें अक्षर मोठें व नक्षीदार केलेलें आहे. मौज अशी कीं, ती नक्षी पानाच्या आरंभाची आहे, अर्थाच्या आरंभाची नव्हे. मजकूर मध्येंच तुटून नवें पान लागलें तरी पहिलें अक्षर थाटांतच येतें. अशी शोभा सोंगट्यांच्या पटासारखी आहे: पाहावयास सुरेख, पण मजकुराशीं तिचें देणेंघेणें नाहीं. यानंतर सुमारें इ. स. ६०० मधला आयर्लंडांतील एक स्तोत्रग्रंथ पाहावा. संत कोलुंबा याच्या हातचा म्हणून परंपरा त्याचा मान करते व तो आज डब्लिन येथें आहे. त्यांत प्रत्येक स्तोत्राचें पहिलें अक्षर मोठें, दुसरें त्याहून लहान, तिसरें आणखी लहान, असें होत होत चवथ्या-पांचव्या अक्षराला लेखन आपल्या नेहमींच्या आकारावर येतें. पायऱ्या उतरून अंगणांत यावें तसा डोळा त्या मोठ्या अक्षरावरून मजकुरांत उतरतो. आमच्या मतें या दोन प्रतींच्या मधल्या काळांतच आद्याक्षराला त्याचा धर्म सांपडला. तें आतां अर्थाच्या उंबरठ्यावर उभें राहिलें.

आमच्या पोथ्यांत असें कां घडलें नाहीं, याचें कारण मुख्यतः लिपींत आहे. देवनागरींत लहान-मोठ्या अक्षरांचा भेदच नाहीं. सर्व वर्ण एका शिरोरेषेखालीं सारखे लोंबतात, आणि कोणा एकास पुढें ओढलें तर ओळच मोडते. म्हणून आमच्या लेखकांनीं लाल शाई दंडांना, अध्यायसमाप्तीला आणि ‘इति श्री’ला दिली, आणि जैन कल्पसूत्राच्या प्रतींत चित्राला स्वतःची वेगळी चौकट करून दिली. रंग मात्र दोहोंकडे एकच. लहान चित्राला इंग्रजींत ‘मिनिएचर’ म्हणतात. त्या शब्दाचा मूळचा संबंध लहानपणाशीं नसून ‘मिनियम’शीं आहे, आणि मिनियम म्हणजे आमचा शेंदूर.

त्या काळच्या ग्रंथांस पृष्ठांक नसत. मठांत दिवसाच्या ठराविक प्रहरीं स्तोत्रें म्हणावयाचीं, बहुधा मेणबत्तीच्या उजेडांत. अशा वेळीं विवक्षित स्तोत्र चटकन् सांपडावें म्हणून सातही दिवसांच्या आरंभींचीं स्तोत्रें मोठ्या अक्षरांनीं वेगळीं केलेलीं असत. ही झाली सोय. पण सोयीसाठीं रंगाचा एक ठिपका पुरे होता. त्या जागेंत चित्र शिरलें तें निराळ्या गरजेनें. आठव्या शतकांत इंग्लंडांत तयार झालेल्या एका स्तोत्रग्रंथांत ‘डी’ या अक्षराच्या पोकळींत दावीद आणि त्याचा जिवलग मित्र योनाथान हातांत हात घालून उभे आहेत. अक्षरांत कथा बसविण्याचें जीं अगदीं आरंभींचीं उदाहरणें उपलब्ध आहेत त्यांपैकीं हें एक. पुढें तेराव्या शतकापर्यंत या चित्रांची एक परंपराच बनली. लॅटिन क्रमानें अडतिसावें स्तोत्र जिभेला आवर घालण्याविषयीं आहे. त्याच्या आद्याक्षरांत दावीद राजा आपल्या तोंडाकडे बोट दाखवितो. बावन्नाव्या स्तोत्रांत देव नाहीं असें मनांत म्हणणाऱ्या मूर्खाचा उल्लेख आहे. तेथें हातांत सोटा घेऊन कांहींतरी चावीत असलेला एक वेडगळ मनुष्य येतो. अडुसष्टावें स्तोत्र म्हणजे पुरांत बुडणाराची हांक. तेथें गळ्यापर्यंत पाण्यांत असलेला मनुष्य हात जोडून वर पाहतो.

या चित्रांनीं वाचकास नवी माहिती कोणतीच मिळत नाहीं. तीं स्तोत्रें त्याला मुखोद्गत होतीं. मग मिळतें काय? बर्नार्डचाच समकालीन ह्यू नांवाचा पंडित पॅरिस येथील सेंट व्हिक्टरच्या मठांत शिकवीत असे. विद्यार्थ्यांस तो सांगतो कीं, पाठांतर करतांना अक्षराचा रंग, आकार आणि पानावरची जागा हींही मनांत ठसवून घ्या, कारण त्यांच्या आधारानें मजकूर पुन्हां हातीं लागतो. मठांतील वाचन हें आमच्या विद्यार्थ्यांच्या परीक्षेपूर्वींच्या वाचनासारखें नव्हतें, हें येथें ध्यानांत धरावें. थोडें वाचावयाचें, तोंडांत घोळवावयाचें, रवंथ करावयाचें; रवंथाची उपमा त्यांचीच आहे. अशा वाचकाचा शत्रु एकच, आणि तो म्हणजे परिचय. जें स्तोत्र हजार वेळां म्हटलें तें हजार-एकाव्या वेळीं जिभेवरून घसरून जातें व मनाला त्याचा पत्ताही लागत नाहीं. पाण्यांत बुडणारा तो मनुष्य त्या घसरणाऱ्या जिभेला क्षणभर धरतो. वाटसरूला रेंगाळावयास लावल्याचा जो दोष आम्हीं वर सांगितला, त्याचें उत्तर असें आहे कीं, या वाटेवर रेंगाळणें हाच प्रवास होता. बर्नार्डनें अक्षराला कांचेसारखें पारदर्शक करूं म्हटलें. पण जी कांच अगदीं स्वच्छ असते तिच्यांतून मनुष्य पाहावयाचेंही विसरतो.

एवढ्यावर प्रश्न मिटता तर बरें होतें. बर्नार्डच्या बाजूचा सर्वांत भारी साक्षीदार अजून बोलावयाचाच आहे. तो म्हणजे डब्लिनच्या ट्रिनिटी महाविद्यालयांतील केल्सचा ग्रंथ. इ. स. ८०० च्या सुमारास तयार झालेल्या या चार शुभवर्तमानांच्या ग्रंथाला शंभराहून अधिक वासरांचीं कातडीं लागलीं असलीं पाहिजेत. त्यांतलें चौतिसावें पान जगप्रसिद्ध आहे. ख्रिस्ताच्या नांवाचीं ग्रीक आद्याक्षरें तेथें जवळजवळ संपूर्ण पान व्यापून बसलीं आहेत. त्यांच्या वेटोळ्यांत वेटोळीं, त्यांत आणखी वेटोळीं, असें इतकें सूक्ष्म काम आहे कीं, भिंगाशिवाय तें उलगडत नाहीं. तळाशीं मात्र घरगुती कारभार आहे: मांजरें बसलीं आहेत, त्यांच्या डोळ्यांदेखत उंदीर प्रसादाच्या भाकरीची गोल चकती कुरतडीत आहेत, आणि पलीकडे एका पाणमांजराच्या तोंडांत मासा आहे. या पानावर वाचावयाचे शब्द तीन-चारच. आणि इतर पानांवर, जेथें साधा मजकूर आहे तेथें, लेखकानें ढिलाई केली आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानांत ख्रिस्त म्हणतो कीं मी शांतता नव्हे तर तरवार आणावयास आलों. तेथें तरवारीच्या लॅटिन शब्दाऐवजीं आनंदाचा शब्द पडला आहे, कारण दोन्ही शब्द दिसावयास सारखे आहेत. चार शुभवर्तमानांचा ताळमेळ दाखविणारीं कोष्टकें आरंभीं मोठ्या थाटानें, कमानींखालीं लिहिलीं आहेत. पण ज्या अंकांच्या आधारें तीं वापरावयाचीं ते अंक मजकुराच्या बाजूला घालण्याचें राहूनच गेलें, त्यामुळें कोष्टकें निरुपयोगी झालीं. हा ग्रंथ वाचण्यासाठीं नव्हता, वेदीवर ठेवून दाखविण्यासाठीं होता, असें त्याच्या बाजूनें सांगतात, आणि तें खरें असेल. पण ग्रंथ वाचण्यासाठीं नव्हता हीच तर बर्नार्डची फिर्याद!

आम्ही या ग्रंथावर प्रेम करतों, तरी या बाबतींत त्याची वकिली करणार नाहीं. नांवाला एवढा मान आणि नांववाल्याच्या वचनाकडे एवढें दुर्लक्ष, ही गोष्ट आमच्याकडच्या देवळांतही दिसते. मात्र एवढें म्हणूं कीं, दोष अलंकाराचा नसून अलंकार मजकुरापासून सुटण्याचा आहे. शेंदरी ठिपक्यांनीं भरलेला लिंडिसफार्नचा ग्रंथ याच घराण्यांतला व शंभरेक वर्षांनीं आधींचा. त्याच्या एका पानावर असे दहा हजारांहून अधिक ठिपके मोजण्यांत आले आहेत. दहाव्या शतकांतल्या एका टिपणाप्रमाणें तो ईडफ्रिथ या बिशपानें लिहिला, आणि अक्षरें व चित्रें एकाच हातचीं आहेत असें जाणते लोक मानतात. त्यांतला मजकूर काळजीपूर्वक लिहिलेला आहे. दहा हजार ठिपके देणाऱ्या हाताला शब्द नीट लिहावयास वेळ उरला नाहीं असें झालें नाहीं.

राहिला दरिद्र्यांचा मुद्दा. तो सर्वांत कठीण, कारण त्याला उत्तर देणारा मनुष्य पोट भरलेला असतो. आम्हीही तसेच आहों. मठानें सोन्याच्या वर्खावर घातलेला पैसा भाकरीवर घातला असता तर कांहीं माणसें त्या दिवशीं जेवलीं असतीं, हें नाकारतां येत नाहीं. परंतु सीतोच्या त्या ग्रंथांत सोन्यापेक्षां श्रम अधिक आहे, आणि श्रमाचा हिशोब पैशासारखा होत नाहीं. जर्मनींत डालहाइम येथें एका लहानशा स्त्रीमठाच्या स्मशानांत, इ. स. १००० ते १२०० च्या दरम्यान पुरलेल्या एका मध्यमवयीन स्त्रीच्या दांतांवरच्या किटणांत निळ्या रंगाचे कण आढळल्याचें संशोधकांनीं २०१९ सालीं प्रसिद्ध केलें. ते लाजवर्दाचे होते. हा दगड त्या काळीं अफगाणिस्तानांतील बदख्शानच्या खाणींतून येई व त्याचें मोल सोन्याच्या तोडीचें असे. कुंचल्याला टोंक यावें म्हणून ती स्त्री तो पुनःपुन्हां ओठांत धरीत असावी, असा तर्क आहे. तिचें नांव कोणास ठाऊक नाहीं. तिनें रंगविलेलें एकही अक्षर ओळखतां आलेलें नाहीं. तो मठही उरला नाहीं. तिनें तो निळा रंग स्वतःच्या सुखासाठीं वापरला असें म्हणणें धाडसाचें होईल. दरिद्र्याच्या तोंडचा घास काढणारा विलास आणि दरिद्री राहून केलेली ही सेवा, या दोहोंना एकाच तागडींत घालणें अन्यायाचें आहे. बर्नार्डच्या निषेधांत तसें झालें.

शिवाय निषेधानें साधलें काय? क्लेअरव्होच्या मठांत, म्हणजे बर्नार्डच्या घरींच, बाराव्या शतकांत एक मोठें बायबल तयार झालें. त्याच्या आद्याक्षरांत मनुष्य नाहीं, जनावर नाहीं, सोनें नाहीं. नियमाप्रमाणें प्रत्येक अक्षर एकाच रंगाचें. पण त्या एका रंगाच्या गडद-फिकट छटांनीं पानांची व वेलींची अशी काहीं नाजूक घडण केली आहे कीं, भडक चित्रांनीं भरलेलीं कित्येक पानें तीपुढें फिकीं पडावीं. नियम अक्षरशः पाळला गेला आणि शृंगार दुसऱ्या दारानें परत आला. आम्हांस यांत ढोंग दिसत नाहीं. जो मनुष्य एखादें वचन जिवापाड मानतो त्याला त्याचें पहिलें अक्षर निष्काळजीपणें काढतांच येत नाहीं; तुम्ही त्याला एकच रंग द्या, तो त्या एका रंगाशीं तासन्‌तास बसेल.

बर्नार्डची भीति खरी ठरली ती पुढें, आणि मठाबाहेर. तेराव्या शतकापासून पॅरिससारख्या शहरांत हें काम धंदेवाईक कारागिरांकडे गेलें. सरदार व सावकार आपापल्या नित्यपाठाचीं पुस्तकें हौसेनें बनवून घेऊं लागले, आणि आद्याक्षर पुष्कळदां नमुन्यावरून उतरविलेलें, मजकुराकडे न पाहतां भरलेलें असें झालें. छपाई आल्यावर १४५७ सालीं माइन्ट्स येथें फुस्ट आणि शेफर यांनीं लाल-निळीं आद्याक्षरें ठशानेंच छापून दाखविलीं. तें कसब वाखाणण्यासारखें आहे, पण त्याचा विचार निराळा करावा लागेल. आम्हांस येथें पाहावयाचें आहे तें कात्रीचें प्रकरण.

फ्रेंच सैन्यानें १७९८ सालीं रोम व्यापलें तेव्हां पोपच्या सिस्टाइन देवळांतले प्रार्थनाग्रंथ लुटले गेले. लुइजी चेलोत्ती नांवाच्या व्हेनिसच्या एका पाद्र्यानें, जो जुन्या वस्तूंचा व्यापारही करी, त्यांतलीं चित्रें व आद्याक्षरें मिळविलीं. तीं ग्रंथांतून कापलेलीं, कित्येक तर वेगवेगळ्या पानांचे तुकडे जुळवून चित्रासारखीं चौकटबंद केलेलीं, अशीं १८२५ च्या मे महिन्यांत लंडनमध्यें लिलांवांत विकलीं गेलीं. मजकुराला गिऱ्हाईक नव्हतें. त्या शतकांत कापलेल्या अक्षरांचे संग्रह करण्याची श्रीमंतांत रीतच पडली. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील संग्रहालयानेंही नक्षीकामाच्या विद्यार्थ्यांस नमुने म्हणून असे तुकडे विकत घेतले. आणि या कात्रीवाल्यांत जॉन रस्किन असावा याचें आम्हांस फार वाईट वाटतें. ज्याच्या ग्रंथांनीं आमच्यासारख्या इंग्रजी शिकलेल्यांना दगडाकडे व रंगाकडे पाहावयास शिकविलें, कलेंत नीति असते हें ज्यानें जन्मभर सांगितलें, त्यानें १८५३-५४ च्या हिवाळ्यांतील आपल्या दैनंदिनींत, आज जुना प्रार्थनाग्रंथ कापला, काम कठीण होतें, अशा आशयाच्या नोंदी सहज करून ठेविल्या आहेत. तेराव्या शतकांत फ्रान्सच्या राजघराण्यांतील इझाबेल हिच्यासाठीं केलेला समजला जाणारा एक अपूर्व स्तोत्रग्रंथ त्यानें १८५४ सालीं घेतला, आणि त्यांतलीं पानें मित्रांस व ऑक्सफर्डच्या आपल्या चित्रशाळेस वांटलीं. हेतु उदार होता. सौंदर्य सर्वांस मिळावें असाच होता. पुढें तीं पानें शोधून पुन्हां एकत्र आणण्यांत आलीं, व तो ग्रंथ आज केंब्रिज येथील फिट्झविल्यम संग्रहालयांत आहे.

रस्किन आणि बर्नार्ड हे एकमेकांचे पूर्ण विरोधी वाटतात. एकानें शब्द ठेवून चित्र टाकलें, दुसऱ्यानें चित्र ठेवून शब्द टाकला. परंतु दोघांचें गृहीत एकच आहे, आणि आमचा आक्षेप त्या गृहीतावर आहे. अक्षर निराळें, शृंगार निराळा, व मध्यें एक रेघ आहे जिच्यावरून सुरी फिरवितां येते, असें दोघेही मानतात. सीतोच्या ‘आर’मध्यें ती रेघ कोठें आहे तें कोणी दाखवावें. तेथें वीर काढून टाकला तर अक्षराचा दंडच जातो. अजगर काढून टाकला तर तें अक्षर ओळखतांच येणार नाहीं. आणि उलट, तें अक्षर पानापासून तोडलें तर तो वीर कोणाशीं व कशासाठीं लढतो हें कळण्याचा मार्ग राहत नाहीं. कारण पुढें जी कथा येते ती दुःखाशीं झगडणाऱ्या ईयोबाची आहे.

आतां हे ग्रंथ घरबसल्या संगणकाच्या पडद्यावर पाहतां येतात. केल्सचा संपूर्ण ग्रंथ ट्रिनिटी महाविद्यालयानें पानापानानें खुला केला आहे. ही सोय फार मोठी आहे, व तिच्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहों. पण तेथेंही बहुतेक लोक चौतिसावें पान पाहतात, मांजरें शोधतात, आणि बाहेर पडतात; तरवारीच्या जागीं आनंद जेथें पडला आहे त्या पानापर्यंत कोणी क्वचितच जातो. कात्री लागत नाहीं एवढाच फरक.

कापलेल्या त्या अक्षरांपैकीं पुष्कळ आतां संग्रहालयांच्या कपाटांत आहेत. संग्राहकांनीं तीं पुठ्ठ्यावर चिकटविलीं होतीं, कारण मागची बाजू पाहण्याचें कोणास प्रयोजन वाटत नव्हतें. अलीकडे अभ्यासक पुठ्ठा हलके हलके सोडवून तीं उलटून पाहूं लागले आहेत. मागें कातड्यावर अर्ध्या तुटलेल्या ओळी असतात, दोन-तीन शब्द, कोठें गाण्याच्या चिन्हांच्या रेघा. तेवढ्यावरून तें कोणत्या दिवसाचें गीत होतें तें ठरवितात, त्यावरून ग्रंथाचा प्रकार, क्वचित् मठाचें नांव. आणि मग दुसऱ्या कोणत्या शहरांत, कोणाच्या संग्रहांत, त्याच पानाचा उरलेला तुकडा आहे त्याचा शोध सुरू होतो.